मायच्या सहा प्रश्नांचे फोटो : प्रकल्प नोंदी

११ एप्रिल २०२४, दारव्हा

तिकीट निघालं. १४ मेला नागपूरहून दोहा, पुढे मँचेस्टर. ७ जूनला परत, म्हणजे मृगाच्या आत. बहीण लग्न होऊन तिकडे गेली त्याला नऊ वर्षं होतील. भाची सहा वर्षांची झाली. एवढ्या काळात माहेरचं एकही माणूस तिच्या घरी पाय ठेवून आलेलं नाही. मायला न्यायची फार इच्छा होती, पण तिचे गुडघे आता यवतमाळच्या एसटीची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. जाणार मी, पण पाहायचं आहे तिला.

स्टुडिओ टाकून बावीस वर्षं झाली. लग्नं, साक्षगंध, बारसे, पासपोर्ट साइज. स्वतःच्या मनानं घेतलेलं एकही काम आजवर झालं नाही. हे करायचं ठरवलंय, म्हणून नोंद ठेवतो.

१४ एप्रिल

सकाळी माय गच्चीवर कुरोड्या घालत होती. विचारलं, कशाकशाचे फोटो आणू? राजवाडा, बर्फ असं काही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "घर कायले दाखवतं? घर तं मोबाईलवर रोजच दिसते. घराच्या बाहीर निंघाल्यावर थे कुठं जाते, थे दाखव मले."

मग हात चालता ठेवून एकेक विचारत गेली आणि मी पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत गेलो. बसची वाट पायते तवा डोक्यावर छप्पर असते का? कपडे कुठं वाळू घालते? शेजारीण कोण हाय, तिच्यासंगं बोलते का? आंधार पडल्यावर घरी येते तं रस्त्यानं कुत्रे असते का? वावर दिसते का कुठं? शेवटचा प्रश्न तिनं सोऱ्यातलं पीठ संपल्यावर, माझ्याकडे न बघता विचारला. "दुपारी कोणासंगं जेवते?"

सहा प्रश्न. ह्यांची उत्तरं फोटोत आणायची, दुसरा काही विषय शोधायचा नाही.

१२ मे

बॅग भरली. लग्नातली ७०-२०० ही लांबची झूम लेन्स आणि फ्लॅश घरीच ठेवले. ३५ एमएमची एकच फिक्स लेन्स घेतली. ती लावली की माणसाच्या जवळ जावंच लागतं, दुरून ओढून घेता येत नाही. दोन बॅटऱ्या, चार कार्ड. बाकीची बॅग कुरोड्या, तिखट आणि भाचीच्या फ्रॉकांनी भरली.

१७ मे, मँचेस्टर

पहिल्या दोन दिवसांत एकशे साठ फ्रेम घेतल्या आणि रात्री बसून पाहिल्या. सगळ्या लग्नाच्या. बहीण, जावईबापू, भाची दारात ओळीनं उभी, तिघांच्या नजरा लेन्सवर. मी "जरा जवळ या" म्हटलं की ती येतात, आणि घरातलं जे चाललेलं असतं ते थांबतं. बावीस वर्षांची सवय आहे, लगेच सुटणार नाही.

उद्यापासून "इकडे पाहा" म्हणायचं नाही. तिच्या चालीनं तिच्यासोबत चालायचं.

२० मे

पहिला प्रश्न: बस.

बहीण शहराच्या उत्तर भागात राहते. लाल विटांची सलग घरं, दार उघडलं की थेट फुटपाथ. तीन दिवस रोज सकाळी सात वाजता तिच्यासोबत बस थांब्यापर्यंत गेलो. इथल्या बस मार्चपासून पिवळ्या झाल्यात आणि अंगावर मधमाशीचं चिन्ह आहे. मधमाशी ह्या शहराची खूण. १८४२ साली शहराचं मानचिन्ह ठरलं तेव्हा त्यात कष्टाचं प्रतीक म्हणून ती घेतली. एकदा डोळ्यात बसली की मग रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवर, कचरापेटीवर, सगळीकडे दिसायला लागते. बहिणीनं नऊ वर्षांत खुंटावरची माशी पाहिली नव्हती. "दादा, मी तर रोज ह्याला टेकून उभी राहते," म्हणाली.

थांब्याला छप्पर आहे. पण बसायला पूर्ण बाक नाही, नुसती तिरकी फळी, बूड टेकवण्यापुरती. फ्रेम घेतली ती पाऊस भुरभुरत असताना. काचेवर थेंब आणि आत ती डबा पोटाशी धरून उभी. मायला छप्पर दिसेल. भिजत नाही हेही दिसेल.

२२ मे

घरांच्या दोन रांगांच्या पाठीमागून एक अरुंद बोळ जातो. त्याला इथले लोक गिनल म्हणतात. कचऱ्याचे डबे, कुणाची मोडकी सायकल, विटांच्या फटीतून आलेलं नेचं. परदेशात आलेल्या पाहुण्याला घरचे लोक ह्या बाजूनं कधी नेत नाहीत. बहीणही म्हणाली, इथले कायले काढतो? पण रोज कचरा टाकायला, भाचीला शाळेत सोडायला जवळचा रस्ता म्हणून ती इथूनच जाते. तिच्या पायाखालचा सगळ्यात ओळखीचा रस्ता हाच.

कपडे ऊन पडलं तर मागच्या छोट्या अंगणात दोरीवर, नाहीतर घरात रेडिएटरवर. रेडिएटरवर भाचीचे आठ मोजे ओळीनं वाळत होते. खिडकीतून उजेड आडवा येत होता, फ्लॅशची गरजच पडली नाही. इथलं ढगाळ आभाळ म्हणजे अख्ख्या शहरावर ताणलेला पांढरा कपडा. सावल्या मऊ पडतात, चेहऱ्यावर डाग पडत नाहीत. आपल्याकडे मेमध्ये सकाळी नऊनंतर माणसाच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते, तसं इथे दिवसभर होत नाही.

२५ मे

आज शहराच्या मध्यभागी गेलो. जावईबापूंनी फुटबॉलचं मैदान दाखवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, मला कापसाचा बाजार बघायचा आहे.

रॉयल एक्स्चेंज. एके काळी जगाच्या कापूस व्यवहाराचा गाडा इथून हलायचा. सौदे १९६८ साली बंद झाले. १९७६ पासून त्या प्रचंड दालनात नाट्यगृह आहे: पोलाद आणि काचेचं, जमिनीला भार झेपणार नाही म्हणून जुन्या इमारतीच्या चार खांबांवर तोललेलं. लोक तेच बघतात. मान वर केली तर उंचावर भावाची पाटी आहे. शेवटच्या दिवशीचे आकडे तिच्यावर अजून तसेच. दालनात कॉफी पिणारी पंधरा-वीस माणसं होती, मी असेपर्यंत कुणी वर पाहिलं नाही. मी मात्र कास्तकाराच्या घरचा. भावाची पाटी दिसली की मान आपोआप वर जाते. ७०-२०० आज फार आठवली. शेवटी एका खांबाला पाठ लावून पूर्ण दालन घेतलं, पाटी वरच्या कोपऱ्यात. छापताना तेवढा भाग वेगळा मोठा करीन.

ह्या पाटीचं आणि आपलं नातं जुनं आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या बंद पडल्या. कामगारांची उपासमार झाली. तरीही १८६२ च्या ३१ डिसेंबरला इथल्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनना पाठिंबा कळवला. लिंकननी जानेवारीत पाठवलेल्या उत्तरातला मजकूर इथे एका चौकात त्यांच्या पुतळ्याखाली कोरलेला आहे. त्या टंचाईत गिरण्यांनी हिंदुस्थानातला कापूस उचलला आणि वऱ्हाडात पऱ्हाटीचा पेरा वाढला. हिंगणघाट आणि अमरावती ही नावं लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या जातीची नावं म्हणून चालत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. आपल्या वावरात आजही जे पीक उभं आहे, त्याचा एक धागा ह्या दालनातून जातो. पुतळ्याच्या पायाशी शाळेतली पोरं सँडविच खात बसली होती. ती फ्रेम घेतली.

बाहेर सेंट ॲन्स चौकात एक दगडी कारंजं आहे. गोलसर, कमरेएवढं, लोक त्याला वळसा घालून जातात. ते कापसाची कळी आहे हे जवळ गेल्यावर कळतं. भाचीला म्हटलं, हात लाव. तिनं दोन्ही तळवे टेकवले. ओल्या दगडावर तिचे छोटे हात, एवढीच फ्रेम.

परत येताना कॉर्पोरेशन स्ट्रीटवरची लाल टपालपेटी. १५ जून १९९६ ला इथे बॉम्बस्फोट झाला, आजूबाजूच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, जवळच उभी असलेली ही पेटी जवळपास जशीच्या तशी राहिली. छोटी पितळी पाटी आहे तिच्यावर. पत्र टाकणारे टाकून जातात. मीही मायच्या नावाचं पोस्टकार्ड टाकलं.

२८ मे

दिवसभर पाऊस. कापूस कातायला ओलसर हवा लागते, कोरड्या हवेत सूत तुटतं. गिरण्या ह्या भागात वाढल्या त्याचं हे एक कारण. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा आपल्या कोरड्या हवेसाठी त्यांना आत ओलावा राखणारी यंत्रं बसवावी लागली. इथे ते काम आभाळच करतं.

३० मे

शेजारीण आणि वावर, दोन्ही एकाच दिवशी मिळाले.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. पंधराव्या वर्षी ओल्डहॅमकडच्या एका मागाच्या कारखान्यात लागल्या. शेकडो मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून बाया ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या आणि एकमेकींच्या ओठांवरचं वाचायच्या. आजी अजून तशाच बोलतात, प्रत्येक शब्द ओठांवर मांडून. बहीण म्हणाली, "नवीन आली तेव्हा मला इथलं कोणाचंच इंग्रजी समजत नव्हतं दादा. पहिल्यांदा समजलं ते ह्यांचं."

त्या दोघींचं मिळून वावर आहे. इथे नगरपालिकेकडून भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्यानं मिळतात, ॲलॉटमेंट म्हणतात. रिवाजानं पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर अडीच आर. ह्यांच्याकडे अर्धा. त्यात आजींचे बटाटे आणि रुबार्ब, बहिणीची मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. रात्री साडेआठलाही ऊन होतं. बहीण खाली बसून मेथी खुडत होती आणि आजी काठीला टेकून काहीतरी सांगत होत्या. मी बारा पावलांवर उभा होतो. जवळ जायचं नियमात बसत होतं, पण गेलो असतो तर दोघी थांबल्या असत्या. तिथूनच घेतला. ह्या दौऱ्यातला माझा स्वतःचा आवडता फोटो हाच.

१ जून

अँकोट्समध्ये भाचीला घेऊन गेलो. १७९८ ला काम सुरू झालेली मरेजची गिरणी, विटांच्या उंच भिंती, खालून कालवा. तिथल्या भिंतींत डोळ्याएवढी पितळी भोकं बसवली आहेत, आत डोकावलं की जुन्या गिरणीच्या जगाचं एखादं दृश्य दिसतं. काही बुजलीत. भाची प्रत्येक भिंत हातानं चाचपत पुढे जात होती. "मामा, मिला!" ओरडायची. चोवीस फ्रेम, दोन बऱ्या.

३ जून

चौथा प्रश्न अडला होता. कुत्रे आहेत, पण सगळे दोरीला. अंधाराचं काय? आत्ता साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि बहीण पाच महिने अंधारातच घरी येते. ते मला दाखवता येणार नव्हतं. शेवटी रात्री अकराला गिनलच्या तोंडाशी उभा राहिलो, एकच दिवा, ओली फरशी. तासाभरानं कोल्हा आला. कचऱ्याच्या डब्याजवळ थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. आयएसओ ६४००, शटर १/३०, थोडा हललेला आहे. चालेल.

५ जून

सहावा प्रश्न. बहिणीला सांगितलं नव्हतं की मायनं हे विचारलंय. आज सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "ये उद्या बारा वाजता." मी म्हटलं, उद्या नको, आजच.

ती रॉचडेल कालव्याच्या काठी एका बाकावर जेवते. एकटीच. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी आहे, कुणाच्या तरी आठवणीत घरच्यांनी बसवलेली. आपल्याकडे बसस्टँडवर सिमेंटच्या बाकावर "यांचे स्मरणार्थ" लिहिलेलं असतं तसंच. पोळी-भाजीचा डबा मांडीवर, कालव्यात बदकं, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या फाटकातून गळणाऱ्या पाण्याचा आवाज. मी मागे उभा राहून तीन फ्रेम घेतल्या. मग कॅमेरा बंद करून तिच्याशेजारी बसलो आणि तिनं अर्धी पोळी मला दिली.

हा फोटो मायला दाखवायचा की नाही, हे अजून ठरत नाही.

२५ जून, दारव्हा

पेरणी झाली. कार्डाला हातसुद्धा लागला नाही.

१४ जुलै

एकोणीसशे फ्रेममधून त्रेचाळीस. फोटो उत्तर देतो का, एवढीच चाळणी लावली. सूर्यास्ताचे दोन फार सुंदर होते, काढून टाकले.

लॅबमधून पहिले प्रिंट लालसर आले. विटा शेंदरी आणि बहिणीची कांती तांबडी. लग्नाच्या फोटोंना लोकांना तसंच आवडतं म्हणून मशीन तसं लावलेलं असतं. स्वतः जाऊन बसलो, ढगाळ उजेडाचा निळसरपणा तसाच ठेवायला लावला, मॅट कागदावर ८×१२ काढले. मागे लिहायला पेन्सिल ह्या कागदावर उमटत नाही आणि बॉलपेन दाबलं तर पुढे वळ येतो, म्हणून बारीक मार्कर. मागे जागा, वेळ आणि प्रश्न.

१६ जुलै

मायला दाखवले. चष्मा पुसून ओसरीत बसली, एकेक फोटो मांडीवर घेऊन. बस थांब्यावर फार वेळ थांबली. "छप्पर हाय," एवढंच म्हणाली. कोल्ह्याला हसली. आजींच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे म्हातारी तिले कायतरी समजावून रायली नं? बरं हाय."

भावाच्या पाटीचा मोठा केलेला तुकडा पाहून विचारलं, हे कोणत्या सालचं. एकोणीसशे अडुसष्ट म्हटलं तर म्हणाली, त्याच साली माह्यं लग्न झालं. कारंज्याचा फोटो मी काही न सांगता हातात दिला. तिनं भाचीचे हात पाहिले, मग दगड पाहिला. "बोंड हाय व हे! फुटायच्या आधीचं."

स्वयंपाकघराचा एक फोटो मी निव्वळ खिडकीसाठी घेतला होता, किटलीच्या वाफेवर उजेड छान पडला होता म्हणून. मायनं त्यात वाफ पाहिलीच नाही. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला टांगलेली ताक घुसळायची लाकडी रई तिला दिसली. लग्नात बांधून दिलेली. मी त्या स्वयंपाकघरात पंचवीस दिवस जेवलो, मला दिसली नव्हती.

बाकाचा फोटो शेवटी दिला. तो तिनं उलटा करून मागचं माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा सुलटा केला. "एकटीच जेवते," म्हणाली. थोड्या वेळानं, "पाणी हाय समोर. बरी जागा पायली तिनं." आणि तेवढा एक फोटो वेगळा काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवला.

२ सप्टेंबर, पोळा

बैल पूजा करून घरी येईपर्यंत ओसरीत सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी बेचाळीस फोटो लावले. कोनाड्यातला मायनं दिला नाही. आज गावातली माणसं घरोघरी येतात, त्यामुळे बोलावणं करावं लागलं नाही. माणसं चहा घेऊन फोटोंखालून फिरत होती आणि माय खाटेवरून सांगत होती, जणू स्वतः जाऊन आली.

भावाच्या पाटीसमोर गर्दी झाली. ह्या २०२४-२५ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये ठरला होता, त्यावरून बोलणं सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत. एका काकांनी विचारलं, आपल्या शकुंतला रेल्वेगाडीचं इंजिन तिकडचंच ना? हो. मूर्तिजापूर-यवतमाळ रुळावर धावलेलं ते वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. त्या गाडीनं मी दहावीचे पेपर द्यायला गेलो आहे. तिकडे असताना हे डोक्यातच आलं नाही, इंजिनाच्या कारखान्यांच्या बाजूला एक चक्करही मारली नाही. ह्याचं फार वाईट वाटतं.

२० ऑक्टोबर

मायनं दुसरी यादी दिली. "तिलेबी वाटत असंन, आपलं काय चाललं." नऊ वर्षांत इथे काय बदललं ते बहिणीला दाखवायचं. दारव्हा मोतीबाग स्टेशनवर सकाळी सहाला गेलो. रुळांत गवत, तिकिटाच्या खिडकीला गंज. पुढे पाण्याची नवी टाकी, बुजवलेली विहीर, शाळेची वाट, चक्की. इथेही ३५ एमएमच. स्वतःच्या गावात हे जास्त जड जातं. दर दहा पावलांवर कुणी विचारतं, कोणाचं लग्न आहे?

१० नोव्हेंबर

आज वावरात सीतादही केली. दहीभात ठेवून पूजा, मग पहिली वेचणी. मायला बैलबंडीतून बांधापर्यंत नेलं. तिनं खुर्चीवर बसून चार बोंडं वेचली, तिचे हात आणि फुटलेलं बोंड. भाचीच्या हातांचा तो फोटो होता ना, तेवढ्याच अंतरावरून घेतला. सरकी काढून त्याच रुईच्या तिनं रात्री वाती वळल्या.

१४ डिसेंबर

पार्सल पोचलं. तीस फोटो आणि वातींची पुडी. रात्री बहिणीचा फोन आला, तिकडे संध्याकाळ. वाती लावल्या म्हणाली. स्टेशनचं, विहिरीचं काही बोलली नाही. चक्कीच्या फोटोत मागे कोपऱ्यात माय उभी आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

"दादा, दळण घेऊन ती एकटीच जाते का?"